हद्दीबाहेरची अंडी

काच घासायच्या चाकाखाली पोस्टमास्तरीणबाईंची डावी काच जेमतेम गोल होत आली होती आणि वीज गेली. चाक कुरकुरत थांबलं, काचेचा टवका उडाला आणि चष्मेवाल्याने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं.

"मेली. गाडा आता तिला," तो म्हणाला.

गल्लीत त्याला सगळे तडतडे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं, स्वभाव होता. वीज गेली की तो तडतडायचा, आणि वीज दिवसातून दोन-तीनदा जायची, त्यामुळे त्याला गार व्हायला कधी फुरसतच मिळाली नाही. पण वीज गेल्याचा त्याला जेवढा राग यायचा, त्याहून जास्त राग यायचा भिंतीपलीकडून येणाऱ्या घरघरीचा. पलीकडे शिंप्याचं दुकान होतं. शिंप्याला नवी कंपनी वीज द्यायची, चष्मेवाल्याला जुनी. गल्ली एक, मधली भिंत एक, दोघांच्या गळक्या पन्हळीसुद्धा सारख्याच. पण सरकारच्या आयोगाने कधीतरी नकाशावर रेघ ओढून अलीकडचा भाग जुन्या कंपनीला आणि पलीकडचा नव्या कंपनीला देऊन टाकला होता, आणि ती रेघ नेमकी या दोघांच्या मधून गेली होती.

शिंपी दारात येऊन उभा राहिला. गळ्यात टेप, दातात टाचणी.

"काय चष्मेवाले, पुन्हा अंधार? या आमच्याकडे बसायला. उजेड फुकट आहे."

"तू तुझी काजं कर."

"करतोय की. मशीन चालू आहे ना माझं."

आतून चष्मेवाल्याची बायको आली, खुंटीवरच्या दोन गोधड्या काढल्या आणि मागच्या खोलीत गेली. ती गोधड्या कशावर घालायला गेली हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे शिंप्याने तोंड आवरलं.

मागच्या खोलीत तिचं अंडी उबवायचं मशीन होतं, चांगलं कपाटाएवढं. मुलगी सासरी गेल्यावर "आता मला माझं काहीतरी करायचंय" असं ती एकदाच म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात माहेरच्या ओळखीतून ते धूड घेऊनच आली. घरात ते ठेवायला जागा नव्हती. चष्मेवाल्याने मागे, बुजलेल्या जुन्या ओढ्यावर खोली बांधायला काढली. गवंड्याशी तिसऱ्या दिवशी भांडण झालं, आभाळ भरून आलं, म्हणून मशीन आधी जोत्यावर ठेवलं आणि भिंती त्याच्याभोवती उभ्या केल्या. दार बसवल्यावर लक्षात आलं की मशीन आता जन्मात बाहेर निघणार नाही. "निघायचंय कशाला?" असं म्हणून त्याने तोही विषय संपवला होता.

पहिल्या खेपेला वीज गेली ती दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर आली. एकही पिल्लू निघालं नाही. बायको रडली नाही की ओरडली नाही. परसात खड्डा करून तिने सगळी अंडी पुरली, मशीन आतून-बाहेरून पुसलं आणि म्हणाली, "अजून एकदा लावते. ही खेपही अशीच गेली तर मशीन भंगारात घालते आणि पुन्हा नाव काढत नाही." ती बोलली म्हणजे तसंच करणार. म्हणून चष्मेवाला तिच्यासाठी जिवाचं रान करायला निघाला, आणि त्याच्या डोक्यात जिवाचं रान म्हणजे कुणाशी तरी भांडणच.

तो थेट नव्या कंपनीच्या कचेरीत गेला. खिडकीवरच्या मुलीला म्हणाला, "वीज पाहिजे."

मुलीने पत्ता विचारला आणि मान हलवली. "काका, ती गल्ली अर्धीच आमची आहे."

"मग उरलेली अर्धी घ्या. मी देतो."

"तुम्ही कशी द्याल? हद्द आयोगाने ठरवलीय. एका हद्दीत एकच कंपनी."

"का म्हणून? भाजीवाल्याने सडकी भाजी दिली तर मी दुसऱ्याकडे जातो. तो मला धरून ठेवतो का?"

"भाजीवाल्याला खांब रोवावे लागत नाहीत, काका. दोन कंपन्यांनी एकाच गल्लीत दोन रांगा खांब ठोकले तर तुम्ही चालाल कुठून? आणि तो दुप्पट खर्च शेवटी तुमच्याच बिलात येणार. म्हणून सरकारने एका भागात एकीलाच ठेवलं, दर बांधून दिला आणि सेवा नीट द्यायची अट घातली."

"आणि नीट नाही दिली तर?"

"तर आयोगाकडे तक्रार करायची."

"करून करून माझी बोटं झिजली."

"मग हळूहळू करा," मुलगी म्हणाली.

तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि त्यानेच चष्मेवाल्याचा तिळपापड झाला. खोट्याशी भांडता येतं हो, खऱ्याचं काय करायचं? तो दात-ओठ खात उभा राहिला आणि तेवढ्यात त्याची नजर तिच्या मागच्या भिंतीवरच्या नकाशावर गेली. लांबचं बारीक वाचायची त्याला धंद्यानेच सवय. हद्दीची जाड रेघ जुन्या ओढ्याच्या काठाकाठाने वळत शिंप्याच्या भिंतीला येऊन भिडली होती.

"ओढा कुणाच्या हद्दीत?"

मुलीने खुर्चीवर चढून पाहिलं. "आमच्या."

"मग माझी मागची खोली ओढ्यावर आहे."

"असेल, काका," ती खाली उतरत म्हणाली. ते "असेल" तिच्या साहेबांना पुढे फार महागात पडलं.

त्याच दिवशी त्याने आयोगाकडे अर्ज ठोकला की माझं घर खरं तर नव्या कंपनीच्या हद्दीत आहे आणि जुनीने मला इतकी वर्षं दावणीला बांधून ठेवलंय. त्यात जुन्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. मग महिने गेले. आयोगाने हूं की चूं केलं नाही. बायकोने दुसरी खेप लावली. वीज जायची, यायची. ती गोधड्या घालायची, काढायची, गरम पाण्याच्या पिशव्या आत सरकवायची. अंडी निम्म्यावर आली आणि तिने एका अंड्यामागे बॅटरी धरून त्याला आतली लाल शीर दाखवली. "धरलंय," एवढंच म्हणाली. चष्मेवाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणावरही ओरडला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाचा मोजणीदार उगवला. सरकारी माणूस हवा तेव्हा येत नाही म्हणून लोक बोंब मारतात. नको तेव्हा तो कसा न चुकता येतो, ते कुणी बोलत नाही. मोजणीदाराने फीत टाकली, नकाशा पाहिला, पुन्हा फीत टाकली आणि डब्यातल्या लाल रंगाने मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक ठसठशीत रेघ मारली.

"रेघेच्या अलीकडे जुनी कंपनी, पलीकडे नवी," तो म्हणाला आणि निघून गेला.

चष्मेवाल्याने शिंप्याला हात धरून आणलं. "बघ डोळे फाडून. आता मी पण नव्या कंपनीचा."

शिंप्याने वाकून रेघ पाहिली. "मागून," तो म्हणाला. "पुढून अजून जुनेच आहात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला नाही तोच जुन्या कंपनीची गाडी दारात उभी राहिली. वरून तुटलेली तार जोडायला या कंपनीकडे आठवडा-आठवडा माणूस नसायचा. आज एक वायरमन, एक शिडी आणि एक प्रत्यक्ष इंजिनिअर आला होता.

"मागच्या खोलीत आमची वायर गेलीय," इंजिनिअर म्हणाला. "ती कापायचीय."

"कापायची? का?"

"ती खोली आमच्या हद्दीत नाही. तुम्हीच अर्ज केला होता."

"अहो, मग नवी जोडणी येईपर्यंत थांबा. आत जीव आहेत."

"जीव रेघेच्या कुठल्या बाजूला आहेत?"

चष्मेवाल्याने उंबऱ्यावरच्या लाल रेघेकडे पाहिलं.

"पलीकडच्या," तो म्हणाला.

"मग ते नव्या कंपनीचे. हे बघा, आमच्याकडून चुकून झालं तोवर ठीक होतं. आता रेघ दिसतेय. दिसत असताना आमची वीज पलीकडे गेली तर आमचा परवाना जाईल. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकणारी कंपनी नाही आमची."

"तुमचा पाय स्वतःच्या हद्दीत तरी कधी पडला होता?" चष्मेवाला गरजला. पण वायरमनने तोवर पकड चालवली होती, आणि मागच्या खोलीतला दिवा गेला.

तो तसाच चपला घालून नव्या कंपनीत धावला. खिडकीवरच्या मुलीने त्याला पाहताच साहेबांकडे धाडलं. साहेबांचं टेबल मोठं होतं आणि आवाज मऊ. "खोली आमच्या हद्दीत आहे, वादच नाही," साहेब म्हणाले. "पण एका घराला दोन कंपन्या चालत नाहीत. तुमच्याकडे जुनीचं मीटर आहे. त्यांची ना-हरकत आणा, लगेच देतो."

तो जुन्या कंपनीत धावला. इंजिनिअर म्हणाला, "जी खोली आमची नाही, तिच्याबद्दल आमची हरकत असेलच कशी? आणि हरकत असूच शकत नसेल तर ना-हरकत कशाच्या जोरावर देऊ?"

तो परत नव्या कंपनीत गेला. साहेब जेवायला गेले होते.

घरी येईपर्यंत त्याचा आवाज बसला होता. पण ओरडून अंडी उबत नाहीत. बायकोने केव्हाच पदर खोचला होता. दुकानातल्या चष्म्यांच्या काचेच्या कपाटात बल्ब होते, फ्रेमा चकाकाव्यात म्हणून. तिने खालचे तिन्ही कप्पे मोकळे केले, गोधडीचे तुकडे अंथरले आणि मशीनमधले ट्रे एकेक करून आणून आत लावले. वरच्या कप्प्यात चष्मे, खालच्यात अंडी, आणि मध्ये तिचं तापमापक लोंबत होतं.

"आणि जुनीची वीज गेल्यावर?" चष्मेवाल्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मग शिंपीभाऊंकडे."

शिंपी दारातच होता. "मी काय म्हणतो," तो चाचरत म्हणाला, "मागच्या खिडकीतून वायर टाकून तुमच्या मशीनला वीज दिली असती हो. पण मी मघाशीच विचारून आलो. मी तुम्हाला वीज दिली तर मीच कंपनी झालो म्हणे. मग मलाही आयोगाकडून हद्द मागून घ्यावी लागेल."

"वायर नको," बायको म्हणाली. "तुमचं इस्त्रीचं टेबल मोकळं करा."

वायरीला रेघ ओलांडायची बंदी होती, अंड्यांना कुणी बंदी केली नव्हती. दिवा गेला की ती दोघं ट्रे उचलून शिंप्याच्या दुकानात न्यायची, दिवा आला की परत. गिऱ्हाइकं बिचकायला लागली. एक म्हातारे मास्तर नवा चष्मा घ्यायला आले, कपाटात वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "हे खालचे कुठल्या नंबरचे?" चष्मेवाला त्यांच्यावर असा भडकला की मास्तर जुनाच चष्मा लावून घरी गेले. शिंप्याच्या एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटावर अंडं फुटलं. त्याची भरपाई म्हणून चष्मेवाल्याने दोन दिवस काजं केली, आणि कंपन्यांना शिव्या देत केली म्हणून ती एकाही बटणाला बसली नाहीत.

शेवटी तो आयोगाच्या कचेरीत जाऊन बसला. बसला म्हणजे व्हरांड्यात ठाण मांडून आल्या-गेल्याला आपली कहाणी सांगत सुटला, तीही वरच्या पट्टीत. आतल्या लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दुपारपर्यंत त्यांनी सुनावणीची तारीख देऊन टाकली, याच आठवड्यातली. लोक म्हणतात आरडाओरड्याने काही होत नाही, पण आयोगाने तारीख दिली ती काही त्याच्या तोंडाकडे बघून नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच जुनीची वीज गेली, आणि शिंप्याचं दुकान आठवड्याच्या सुट्टीचं बंद होतं. बायकोने एका ट्रेमधल्या अंड्याला कान लावला.

"आतून टोचतंय," ती म्हणाली. "आज निघणार."

"आजच?"

"त्यांना कुठे तारीख दिलीय कुणी?"

तिने दोन मोठ्या टोपल्यांत गरम पाण्याच्या पिशव्या आणि गोधड्या घालून सगळी अंडी भरली. एक टोपली त्याच्या हातात दिली, एक स्वतः घेतली.

आयोगाच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या आणि त्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकडी होती. चष्मेवाल्याला त्याचाही राग आला. टेबलाच्या एका बाजूला जुन्या कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला नव्या कंपनीचा, शेजारी ते मऊ आवाजाचे साहेब. चष्मेवाला बाह्या सारून तयार होऊन आला होता. दोन्ही कंपन्या आपल्याला ओढणार आणि आपण त्यांना नाचवणार, असं त्याने रात्रभर मनात घोळवलं होतं.

जुनीचा वकील उठला. "महोदया, हे गृहस्थ आमचे फार जुने ग्राहक. त्यांना निरोप देताना आम्हाला अतोनात दुःख होतंय. पण कायदा म्हणजे कायदा. एकच घर दोन हद्दींत येत असेल, तर जिथे विजेचा जास्त वापर, तिथल्या कंपनीने संपूर्ण घर घ्यावं, असा आयोगाचाच नियम आहे. पुढे काच घासायचं लहानसं चाक. मागे केवढं मोठं मशीन. तेव्हा घर नव्या कंपनीचं. त्यांना आमच्या शुभेच्छा."

त्याचं बोलणं संपायच्या आधीच नवीचा वकील उभा राहिला होता. "ते मशीन बंद आहे, महोदया. बंद मशीनचा वापर शून्य. तेव्हा जास्त वापर पुढच्या खोलीतच. हे गृहस्थ जुन्या कंपनीचेच आहेत, आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवणं आमच्या तत्त्वात बसत नाही."

"बंद आहे कारण यांनी वायर कापली आणि तुम्ही जोडली नाही," चष्मेवाला ओरडला.

"कारण काहीही असो," नवीचा वकील म्हणाला, "बंद आहे ना?"

"आम्ही त्यांना सोडायला तयार आहोत."

"आम्ही त्यांना घेऊन तुमच्यावर अन्याय करणार नाही."

"अन्याय कसला? घ्या की."

"नाही, तुमचे ते तुम्हालाच लखलाभ."

अध्यक्षबाईंनी वाकडा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक मिनिट. या खुर्चीवर मी इतकी वर्षं बसतेय. कंपन्या एकमेकींचं गिऱ्हाईक ओढताना पाहिल्यात. गिऱ्हाईक एकमेकींच्या गळ्यात मारताना आजच पाहतेय. या माणसात असं आहे तरी काय?"

दोन्ही वकिलांनी एकाच वेळी आपापल्या पिशवीतून कागदांचे गठ्ठे काढले. जुनीचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलावा लागला. नवीचा लहान होता, पण तो चष्मेवाल्याने अजून ग्राहक नसताना केलेल्या तक्रारींचा होता.

चष्मेवाला उठून उभा राहिला. इतकी वर्षं तो एकच मागत आला होता, की कंपन्यांनी गिऱ्हाइकासाठी आपसात स्पर्धा करावी. आज समोर स्पर्धा चालली होती आणि ती त्याला टाळण्याची होती. रागाने त्याचे कान लाल झाले. "चांगलं आहे," तो म्हणाला. "बिल द्यायला मी चालतो. वीज द्यायला मी कुणाचाच नाही. बाई, तुम्ही एकच सांगा, रेघ तुमची, कंपन्या तुमच्या, नियम तुमचे, मग माझ्या घरात अंधार आहे तो कुणाचा?"

उत्तर आलं ते टोपलीतून. चिव.

मग दुसरा, मग चार-पाच एकदम. बायकोने गोधडी बाजूला केली. एक ओलं, वाकडंतिकडं पिल्लू टरफलातून अर्धं बाहेर आलं होतं आणि थरथरत होतं. पिशव्या गार झाल्या होत्या.

बायको उठली. नवीच्या वकिलासमोरून, साहेबांसमोरून चालत ती अध्यक्षबाईंच्या टेबलाशी गेली, त्यांच्या टेबलावरचा दिवा खाली वाकवला आणि टोपली त्याखाली ठेवली. "दुसरी पण आणा," ती नवऱ्याला म्हणाली. मग अध्यक्षबाईंना म्हणाली, "तुमचे कागद थोडे सरकवता का?"

अध्यक्षबाईंनी सरकवले. जुनीच्या वकिलाने न सांगता दुसऱ्या टेबलावरचा दिवा आणला. सुनावणी थांबली. साहेब टाचा उंचावून बघायला लागले. फटाफट टरफलं तडकत होती आणि बायको एकेक पिल्लू तळहातावर घेऊन, त्याचं अंग टिपून, दिव्याखाली ठेवत होती. चष्मेवाल्याला तिच्याकडे बघवेना. तिच्या तोंडावर हसू होतं, आणि पहिली खेप पुरल्यापासून ते त्याने पाहिलं नव्हतं. तो दिव्याची मान उगाच वाकवत राहिला आणि दिव्यालाही त्याने मनातल्या मनात शिवीच दिली.

नवीचा वकील मात्र वकीलच. तो खाकरला. "महोदया, अंडी फुटली. म्हणजे मशीनची गरजच संपली. मागच्या खोलीचा वापर आता कायमचा शून्य."

"पुढची अंडी सोमवारी येणारेत," बायको मान वर न करता म्हणाली. "त्यानंतरची त्याच्या पुढच्या महिन्यात."

अध्यक्षबाईंनी चष्मा घातला आणि निकाल दिला. जास्त वापर मागच्या खोलीत. संपूर्ण घर नव्या कंपनीकडे. जोडणी सोमवारच्या आत. जुनीच्या वकिलाला आनंद लपवता आला नाही, तो चष्मेवाल्याचा हात धरून गदागदा हलवत राहिला.

नवीचे साहेब आणि वकील कोपऱ्यात कुजबुजले. मग वकील पुढे आला. "निकाल मान्य. फक्त एक विनंती. जोडणी, ज्यांचा वापर जास्त त्यांच्या नावावर असावी. म्हणजे या ताईंच्या. आणि तक्रार करायची तर ती नियमाप्रमाणे ज्यांच्या नावावर जोडणी त्यांनीच करायची, घरातल्या इतर कुणी नाही."

"इतर म्हणजे मी?" चष्मेवाला म्हणाला.

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

अध्यक्षबाईंनी बायकोकडे पाहिलं. "तुम्हाला चालेल?"

"चालेल," बायको म्हणाली. ती एका पिल्लाच्या पायाला चिकटलेलं टरफल सोडवत होती. साहेबांनी तिच्या त्या हलक्या हाताकडे, खाली घातलेल्या नजरेकडे पाहिलं आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला. गरीब गाय पदरात पडली, असंच त्यांना वाटलं असणार.

नव्या कंपनीची वीज आली. चाक गरगर फिरायला लागलं, मशीन पुन्हा तापलं, सोमवारची अंडी आत गेली. दिवस चांगले जात होते, म्हणजे चष्मेवाल्याला करमत नव्हतं. आणि एका दुपारी, अंडी फुटायला चार-पाच दिवस असताना, वीज गेली. शिंप्याचंही मशीन थांबलं. चष्मेवाल्याच्या अंगात एकदम जीव आला. त्याने फोन उचलला आणि पहिल्या तीन वाक्यांत कंपनीच्या आजोबांपर्यंत पोचला.

"जोडणी तुमच्या नावावर आहे का, काका?" पलीकडून तीच मुलगी म्हणाली.

"बायकोच्या."

"मग तुमची तक्रार घेता येत नाही. ताईंना बोलायला सांगा." तिच्या आवाजात हसू होतं.

त्याने दात खात फोन बायकोच्या हातात दिला. तिने हात पुसले, आधी गोधडी मशीनवर नीट टाकली आणि मग बोलली, अगदी हळू.

"हं, मी अंडीवाली. नाही गं, तक्रार कसली? साहेब आहेत का? दे." ती थांबली. "नमस्कार, साहेब. तुम्ही अजून त्याच खोलीत बसता ना? टेबल तेच, मोठं? नाही, सहज विचारलं. या खेपेला तीनशे अंडी आहेत हो, आणि त्यांना माणसांची ऊब लागते, ते तुम्ही आयोगात पाहिलंतच. म्हटलं, तुमच्याच टेबलावर आणून लावावीत. दिवा खाली वाकवला की झालं. मीपण बसेन. पिल्लं निघेपर्यंत. नाही, नाही, जेवणाचा त्रास तुम्ही घेऊ नका, मी डबे आणीन, चार दिवसांचे. तुमचे कागद तेवढे आजच आवरून ठेवा. चिडलेय? छे, मी कशाला चिडू? रिक्षा बोलावलीय, निघतेच."

तिने फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या दोन्ही टोपल्या खरोखरच खाली काढल्या. दुसरी टोपली झटकून होईपर्यंत दिवा आला. शिंप्याच्या मशीनची घरघर सुरू झाली. फोन पुन्हा वाजला. तिने उचलला, ऐकलं आणि म्हणाली, "बरं झालं. पुन्हा जाईल तेव्हा नाही विचारणार हं. सरळ येईन."

मग ती मागच्या खोलीत गेली आणि तापमापक पाहायला लागली. चष्मेवाला फोनजवळ उभाच राहिला. साहेबांचा तो मऊ आवाज आणि मोठं टेबल त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वीज कंपनीची दया आली.